चौथ्या गोळीआधी ड्राय वेट

ऐरोली, नवी मुंबई
दि. १४ मे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. डायलिसिसला तीन महिने झाले, तिसरी गोळी सुरू झाली, तरी सकाळचे बीपी १८०/१०० च्या खाली येत नाही, तेव्हा डॉक्टरांकडे चौथी गोळी मागावी का, असे तू विचारतोस. सहा वर्षे आठवड्यातून तीनदा मशीनवर बसत आलेला तुझा मित्र म्हणून कळकळीने सांगतो, त्याआधी तुझे ड्राय वेट, म्हणजे अंगातले जादा पाणी काढून झाल्यावर उरायला हवे ते वजन, बरोबर ठरले आहे का, हे त्यांना विचार.

लघवी थांबली की खाल्लेल्या मिठाला आणि प्यायलेल्या पाण्याला मशीनखेरीज वाट उरत नाही. ते अंगात साठते आणि बीपी चढते. आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ दुखणे हेच आहे. १९६० साली अमेरिकेत सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी क्लाइड शील्ड्स या रुग्णाचे डायलिसिस सुरू केले, तेव्हा त्याचे अनावर बीपी आटोक्यात आले तेसुद्धा जादा पाणी काढून आणि मीठ तोडून. पुढे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या रुग्णांचे ड्राय वेट हळूहळू सुमारे १ किलोने उतरवले, त्यांचे वरचे बीपी इतरांच्या तुलनेत सुमारे ७ अंकांनी खाली आले, तेही गोळ्या न वाढवता. मात्र वजन उतरले म्हणजे बीपी दुसऱ्याच दिवशी उतरते असे नाही, कित्येकदा काही आठवडे जातात. तेवढा धीर धर.

माझ्या हातून झालेली चूक तुझ्या हातून होऊ नये, म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी, असाच मे महिना होता. शनिवारी डायलिसिस झाल्यावर रविवारी घरी पाहुणे आले. कैरीचे लोणचे, पापड, वर गारेगार ताक, सारे झाले. मंगळवारी सकाळी बीपीच्या सगळ्या गोळ्या खाऊन डायलिसिससाठी ठाण्याची लोकल पकडली. काट्यावर उभा राहिलो, तर ड्राय वेटपेक्षा ३.९ किलो जास्त. मोज्यांच्या रबराचा वळ पोटरीवर इतका खोल उमटला होता की बोट फिरवले तर खाच लागत होती. तिसऱ्या तासाला पायात गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली, वरचे बीपी ८० पर्यंत घसरले. टेक्निशियनने पाणी काढणे थांबवून सलाइन दिले. दीड किलो पाणी अंगात घेऊनच घरी परतलो आणि रात्री बीपी पुन्हा १९० वर. गोळ्यांनी बीपी पडते म्हणून पाणी निघत नाही, आणि पाणी निघत नाही म्हणून गोळ्या वाढतात, या चक्रातून मला बाहेर काढले ते डॉक्टरांनी गोळ्यांची वेळ रात्रीवर नेली तेव्हा. तूही वेळ त्यांना विचारूनच बदल, कारण ॲटेनोलॉलसारख्या काही गोळ्या डायलिसिसमध्ये धुऊन जातात, ॲम्लोडिपिन जात नाही.

एका बैठकीत किती पाणी काढावे, यालाही मर्यादा आहे. दर किलो वजनामागे ताशी १३ मिलीलिटरच्या वर जाणे हृदयाला मानवत नाही, असे मानतात; म्हणजे ६० किलोच्या माणसाचे चार तासांत जेमतेम ३ लिटर. म्हणून खरी लढाई घरात, मिठाशी आहे. साधारण ८ ग्रॅम मीठ अंगात १ लिटर पाणी धरून ठेवते. खारट खाऊन तहान मारणे कुणालाच जमत नाही, मलाही जमले नाही. मीठ कमी केले तेव्हाच तहान कमी झाली. कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ मात्र घरात आणू नकोस, त्यात पोटॅशियम असते आणि ते आपल्या जिवावर बेतू शकते. रक्तवाढीच्या इंजेक्शनानेही बीपी वाढू शकते, तेवढे डॉक्टरांच्या कानावर घाल.

मशीनवर बसताना आणि उठताना घेतलेल्या बीपीवरच विसंबू नकोस. घरी सकाळी आणि रात्री, पाच मिनिटे शांत बसून, फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हाताला मोज आणि वहीत लिहून ठेव. वहिनींना माझा नमस्कार सांग, आणि लोणच्याची बरणी तुझ्या हाताला लागणार नाही अशी ठेवायला सांग. पुढच्या मंगळवारी काट्यावर जो आकडा येईल, तो मला त्याच संध्याकाळी कळव.

तुझा,
जिवलग मित्र