कोळशावरचा कर टनामागे घ्या, परतावा बिलावर दाखवा : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

सादर नमस्कार.

22 सप्टेंबर 2025 पासून कोळशावरचा टनामागे 400 रुपयांचा उपकर गेला आणि जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. दोन करांचा एक झाला, हिशेब सोपा झाला, असं सांगण्यात आलं. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) खाणी आणि 2,920 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र असलेल्या चंद्रपुरात बसून हाच हिशेब मांडला, तर निराळंच दिसतं. टनाला 1,500 रुपये भाव असलेल्या कोळशावर आधी 475 रुपये कर बसायचा, आता 270 बसतो. 5,000 रुपयांच्या कोळशावर 650 होता, तो 900 झाला. एक युनिट विजेसाठी जो हलका, राखेचा कोळसा जास्त जाळावा लागतो, त्याचाच कर उतरला!

कार्बन कर, म्हणजे इंधन जाळल्यावर हवेत जाणाऱ्या कार्बनवरचा कर, हे नाव न लावता आपण 2010 मध्येच कोळशावर टनाला 50 रुपये आकारायला लागलो होतो. 2016 पर्यंत ते 400 झाले. तेव्हा दक्षिण आफ्रिका आणि सिंगापूरचा कार्बन कर आलेला नव्हता, दोन्हीकडे तो 2019 मध्ये आला. चीनची राष्ट्रीय कार्बन बाजारपेठ तर 2021 ची. आपण पुढे होतो, आणि गाजावाजा न करता मागे आलो.

मागे का आलो, याचं उत्तर मला पैशाच्या वाटेत दिसतं. 2017-18 पर्यंत या उपकरातून सुमारे 86 हजार कोटी रुपये जमले. राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत त्यातले सुमारे 29 हजार कोटी पोचले, आणि प्रकल्पांवर लागले ते साधारण 16 हजार कोटी. 2017 नंतर हा पैसा राज्यांच्या जीएसटी भरपाईत गेला, पुढे कोविडकाळात त्यासाठी काढलेल्या कर्जाच्या फेडीत. त्यात बेकायदा काही नाही. पण जो पैसा कुणालाच दिसला नाही, तो मिळवून देणारा कर गेला तेव्हा भांडायलाही कुणी उरलं नाही.

बाहेरच्या देशांचा अनुभव हाच आहे. स्वीडनने 1991 मध्ये कार्बन कर लावला तो उत्पन्नावरचे कर कमी करता करता. आज तो सुरुवातीच्या पाचपटीहून जास्त आहे, आणि टिकून आहे. फ्रान्समध्ये इंधनावरचा वाढीव कर पिवळ्या जॅकेटवाल्यांच्या आंदोलनामुळे डिसेंबर 2018 मध्ये मागे घ्यावा लागला. गावाकडे गाडीशिवाय पर्याय नसलेल्या माणसाला त्यातून परत काय मिळणार, हे कुणी पटवून दिलं नव्हतं. कॅनडाचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. तिथे 2019 पासून इंधन शुल्काचा बहुतांश पैसा कुटुंबांना परत मिळत होता, 2022 पासून तर तो दर तिमाहीला थेट खात्यात येत होता. तरी पेट्रोल पंपावरचा दर रोज डोळ्यांसमोर आणि खात्यातली जमा कसली, हे अनेकांना कळतच नव्हतं. मार्क कार्नी पंतप्रधान होताच 1 एप्रिल 2025 पासून ग्राहकांवरचं ते शुल्क संपलं. मोठ्या उद्योगांवरचं मात्र राहिलं. परतावा नुसता देऊन भागत नाही, तो माणसाला दिसावा लागतो.

आता युरोपकडे बघा. 1 जानेवारी 2026 पासून आयात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत यांच्यावर कार्बनचं शुल्क लागू झालं आहे. मूळ देशात कार्बनची किंमत खरोखर मोजली असेल, तर तेवढी वजावट देण्याची तरतूद त्यातच आहे. सरसकट 18 टक्के जीएसटीला कार्बनची किंमत म्हणायला तिथला कोणता अधिकारी तयार होईल? आपली कार्बन क्रेडिट व्यापार योजना आहे, ऑक्टोबर 2025 मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद आणि क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा, क्लोरीन बनवणाऱ्या) उद्योगांना उद्दिष्टंही ठरवून दिली. चांगलंच आहे. पण तो कारखान्या-कारखान्यांतला व्यवहार, सरकारी तिजोरीत त्यातून काही येत नाही. कोळशावरच्या विजेचा तर पहिल्या यादीत पत्ताच नाही.

म्हणून मागणी अशी की, येत्या अर्थसंकल्पात कोळशावर पुन्हा टनामागे, आणि कार्बनच्या नावानेच, आकारणी आणावी. तेवढ्या प्रमाणात जीएसटी खाली आणावा, म्हणजे वीज उगाच महागणार नाही. जमेतला एक हिस्सा चंद्रपूर, कोरबा, सिंगरौली, धनबाद अशा जिल्ह्यांसाठी बांधून ठेवावा, खाणी बंद होतील तेव्हाच्या रोजगारासाठी. जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहेच की, असं उत्तर कृपया नको. तो रॉयल्टीवर आधारलेला निधी आहे, खाण थांबली की तोही थांबतो.

उरलेला पैसा लहान वीजग्राहकांना द्यावा. महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार असे सगळे आकार असतातच (त्यांचा अर्थ विचारायला गेलेला माणूस समाधानाने परतल्याचं ऐकिवात नाही). त्यांच्याखाली ‘कार्बन परतावा’ अशी उणे चिन्हाची एक ओळ छापता येईल. राज्यांच्या वीज कंपन्यांना केंद्राने ते पैसे द्यावेत आणि दर वर्षी किती जमले, किती वाटले, याचा तक्ता संसदेत ठेवावा.

आधीच्या उपकराचाही असा एक तक्ता, 2010 पासून 2025 पर्यंतचा, एका जागी मांडलेला, आम्हाला हवा आहे. तो अर्थसंकल्पाची वाट न बघताही देता येईल.

आपला विश्वासू,
कोळसा जिल्ह्यातला एक वीजग्राहक
चंद्रपूर