फर खरी की खोटी, आणि लावावी का

कोपनहेगन, डिसेंबर

चि. मयुरीस,
अनेक आशीर्वाद.

बुटिकसाठी व्यापाऱ्याने दाखवलेल्या जॅकेटांच्या कॉलरवरची फर खरी आहे का, आणि असली तर ठेवावी का, असं तू विचारलंस. पहिल्याचं उत्तर हातानेच मिळतं, म्हणून आधी ते.

केसांवर फुंकर मार आणि मुळाशी बघ. विणलेलं कापड दिसलं तर नकली, कातडं दिसलं तर खरी. टाचणी टोच, कापडातून ती सहज जाते, कातडं अडवतं. खऱ्या फरला बहुधा दोन थर असतात, खाली दाट मऊ लव आणि वर लांब राठ केस, टोकाला निमुळते. मात्र कातरलेल्या फरला ही खूण उरत नाही. शेवटी चार-पाच केस उपटून चिमट्यात धर आणि स्टीलच्या ताटलीवर जाळ. नकली फरचं ॲक्रिलिक (प्लास्टिकचा धागा) वितळून कडक मणी होतो, प्लास्टिकचा वास सुटतो. प्राण्याचा केस चुरचुरत जळतो आणि बोटाने चुरला तर भुगा होतो. पण इथे फसगत होते बरं का: कापडावर लोकर उभी करून केलेली फरही तशीच जळते, आणि तिच्यासाठी मेंढी मारलेली नसते. म्हणून जाळून झालं तरी निकाल मुळाकडे बघूनच लाव.

‘स्वस्त आहे म्हणजे नकलीच असणार’ हे धरून चालू नकोस. सशाची फर स्वस्त पडते, आणि ब्रिटनमध्ये २०१७ साली नकली म्हणून विकलेल्या मालात खरी फर निघाली. टोपीवरचे गोंडे तर आवर्जून उसवून बघ. त्यांचं कातडं आत ओढून बांधलेलं असतं. युरोपात कपड्यावर प्राण्याचा भाग असेल तर लेबलवर तसं लिहावं लागतं, पण कोणता प्राणी ते लिहायची सक्ती नाही.

आता दुसरा प्रश्न. फरसाठी सगळ्यात जास्त पाळला जातो तो मिंक, मुंगसाच्या अंगलटीचा, एकटा राहणारा, पाण्यात शिकार करणारा प्राणी. युरोपच्या शिफारशीत त्याच्या पिंजऱ्याचा तळ २,५५० चौरस सेंटीमीटर आहे, म्हणजे साधारण ३० बाय ८५, उंची ४५. पोहायला पाणी नाही. अशा जागेत तो तासन्‌तास त्याच फेऱ्या मारतो, स्वतःची शेपटी चावतो. वसंतात पिल्लं होतात आणि नोव्हेंबरात हिवाळी केस भरले की गॅसच्या पेटीत मारतात, कारण कातड्यावर ओरखडाही चालत नाही. कोल्ह्याला त्याच कारणाने तोंडात आणि गुदद्वारात तारा लावून विजेचा झटका देतात. पायघोळ मिंक कोटाला ५० च्या आसपास कातडी लागतात. २०२० च्या नोव्हेंबरात इथल्या, म्हणजे डेन्मार्कच्या, सरकारने कोरोनाच्या भीतीने देशातले सगळे मिंक मारायचा हुकूम काढला. दीड कोटीहून जास्त होते. घाईत पुरलेली धडं वायू धरून फुगली आणि काही ठिकाणी मातीवर आली.

लग्नातल्या काराकुल टोपीबद्दल (काराकुल मेंढीच्या कोकराच्या कातड्याची टोपी) तुला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तिच्यावरचे ते घट्ट कुरळे केस नुकत्याच जन्मलेल्या कोकराचे असतात. काही दिवसांतच कुरळेपणा सैल पडतो, म्हणून कोकरू त्याआधीच मारतात.

‘मग पैठणीचं काय?’ असं वहिनी विचारणार, आणि बरोबरच विचारणार. कोषातून पतंग बाहेर पडला की धागा तुटतो, म्हणून आत किडा असतानाच कोष वाफेवर किंवा गरम हवेत धरतात. जालन्याच्या बाजारात येणाऱ्या कोषांचं पुढे तेच होतं. किड्याला मिंकइतकं भोगावं लागतं असं मी मानत नाही, पण जीव जातो हे मी नाकारणार नाही. घोंगडी वेगळी. धनगर मेंढी कातरतो आणि ती परत चरायला जाते. ताण्याला चिंचोक्याची खळ लावली की झालं. परभणीच्या थंडीला तीच पुरते गं.

नकली फरही सोवळी नाही. ती पेट्रोलियमची, प्रत्येक धुण्यात तंतू सोडते आणि कुजत नाही. तरी खरी की नकली एवढाच पर्याय असेल, तर मी नकली घेईन, थोडी, आणि काढता येईल अशी, म्हणजे प्रत्येक वेळी धुवावी लागत नाही.

व्यवहाराचंही ऐक. खरी फर थंड, कोरड्या जागी ठेवावी लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कातडं वाळून तडकतं, पावसाळ्यात कसर लागते, आणि गिऱ्हाईक परत येतं ते तुझ्याच दारात. शिवाय २०१७ पासून मिंक, कोल्हा आणि चिंचिला (उंदराच्या जातीचा मऊ केसांचा प्राणी) यांच्या फरच्या आयातीवर भारतात बंदी आहे, तेव्हा ‘इंपोर्टेड मिंक’ कोणी दाखवलं तर एकतर ते मिंक नाही, नाहीतर आलेल्या वाटेत गडबड आहे. व्यापाऱ्याकडून बिलावर कॉलरचा घटक वेगळा लिहून घे, जॅकेटचा वेगळा. ‘मिक्स फायबर’ एवढ्यावर मान्य करू नकोस. लिहून देत नसेल तर माल परत कर.

दादा-वहिनींना नमस्कार सांग. अण्णांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझी आत्या