दोष पॅनलचा की अर्थिंगचा?

महोदय,

आपल्या पुरवणीतील ‘उन्हाळ्यात गाडीची काळजी’ हा लेख वाचला. एसी थंड करत नसेल तर गॅस तपासून घ्या, इतकेच त्यात म्हटले आहे. मीही तेवढेच करून बसलो होतो, म्हणून हे पत्र.

मी टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होतो. सगळी नोकरी तांब्याच्या दोन तारांमधला दोष शोधण्यात गेली. निवृत्तीनंतर तीच विद्या स्वतःच्या गाडीवर वापरावी लागेल असे वाटले नव्हते.

गाडीला ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल आहे, म्हणजे पॅनलवर तापमान ठरवले की एसी ते आपोआप राखतो. पंखा एक-दोनवर असेपर्यंत एसी उत्तम चाले. पंखा पूर्ण केला की दहा-पंधरा मिनिटांत गरम हवा. पॅनलवरचे आकडे मध्येच विझत, पुन्हा उजळत. गॅरेजवाल्याला मी हे पंख्याचे लक्षण दोनदा सांगितले. त्याने आधी गॅस भरला. फरक पडेना तेव्हा स्कॅनर लावला. त्यात यू0164 हा कोड आला, म्हणजे क्लायमेट कंट्रोल मॉड्यूलशी, पॅनलमधल्या छोट्या कॉम्प्युटरशी, संपर्क तुटला. निदान तयारच होते: “काका, पॅनल गेलंय, बदलावं लागेल.”

हा कोड नोंदवला कोणी, हे मी विचारले. तो पॅनलने नव्हे, इंजिनच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला होता. ग्राहक तक्रार करतो की समोरून आवाज येत नाही. म्हणून काय आम्ही समोरच्याचा फोन बदलायचो? ‘यू’ने सुरू होणारे कोड संपर्काचे असतात. कोण ऐकू येत नाही तेवढेच ते सांगतात, का ते नाही. पॅनल बिघडलेले असेल, त्याचा सप्लाय किंवा अर्थिंग (बॉडीतून बॅटरीकडे करंट परतण्याची वाट) गेले असेल किंवा मधली तार तुटली असेल, कोड तोच. बॅटरी उतरली किंवा दुसऱ्या गाडीवरून जंप देऊन सुरू केली, तरी असे कोड पाच-सहा मॉड्यूलमध्ये एकदम पडलेले दिसतात.

गॅस भरूनही उपयोग का झाला नाही तेही सांगतो. अशा बहुतेक गाड्यांत पॅनल कॉम्प्रेसर थेट चालू करत नाही. ते कॅन बसवरून, म्हणजे एकमेकींना पिळलेल्या दोन तारांवरून, इंजिनच्या कॉम्प्युटरकडे मागणी करते आणि तो कॉम्प्रेसरचा क्लच लावतो. मागणी पोचलीच नाही, तर गॅस कितीही भरा. आजार रेड्याला, औषध पखालीला.

गाडी घरी आणली. बॅटरीची निगेटिव्ह काढून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये मीटर लावला. या जोडीच्या दोन्ही टोकांना 120-120 ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून 60 यायला हवेत. 120 आले तर एक टोक तुटलेले, शून्याच्या जवळ आले तर तारा एकमेकींना चिकटलेल्या. मला 60 मिळाले. पण एवढ्यावर खूश होऊ नये. मुख्य जोडी धड असली तरी पॅनलकडे जाणारा फाटा तुटलेला असू शकतो. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत मध्ये गेटवे, म्हणजे आपल्या एक्स्चेंजसारखा जोडणारा कॉम्प्युटर, असतो, तिथे हे 60 फक्त गेटवेपर्यंतचे. म्हणून पॅनलच्या कनेक्टरपर्यंतचा फाटाही तपासला. धड होता.

मग अर्थिंगकडे वळलो. ओहमवर मीटर लावला तर जवळजवळ शून्य. इथेच बहुतेक जण फसतात. मीटर तारेतून अगदी किंचित करंट सोडतो आणि 0.2 ओहम त्याच्या स्वतःच्या वायरीतच हरवून जातात. पण पंखा पूर्ण वेगात 17-18 अँपिअर ओढत असेल, तर त्याच 0.2 ओहमवर साडेतीन व्होल्ट पडतात. म्हणून निगेटिव्ह पुन्हा जोडली, मीटर व्होल्टवर घेतला, एक टोक पॅनलच्या अर्थच्या पिनेवर, दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि पंखा वाढवत नेला. एकवर अर्धा व्होल्ट, पूर्णवर 3.4. तिथे 0.1-0.2 च्या वर जायला नको. पॅनलची ‘जमीन’च साडेतीन व्होल्टने वर उचलली गेल्यावर त्याचे बोलणे इतरांना कसे कळणार? कॅनच्या दोन्ही तारा विश्रांतीला अडीच व्होल्टवर असतात. बोलताना एक साडेतीनवर जाते, दुसरी दीडवर येते. एवढ्याशा अंतरात सगळा संवाद.

पंख्याची आणि पॅनलची अर्थिंग एकाच बोल्टवर होती. डाव्या पायाजवळचे प्लास्टिक उघडले तर बोल्ट चटका बसावा इतका तापलेला, थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) हिरवे आणि कडेने काळवंडलेले. खालचा गालिचा ओला. एसीचे पाणी बाहेर टाकणारी नळी कचऱ्याने तुंबली होती आणि ते पाणी आत उतरत होते. एसीने स्वतःच्याच पाण्याने स्वतःची अर्थिंग खाल्ली!

बोल्ट आणि बॉडी पॉलिश पेपरने चकचकीत केली, थिंबल नवे टाकले, घट्ट आवळले, वरून ग्रीस लावले, नळी मोकळी केली. पूर्ण पंख्यावर आता 0.06 व्होल्ट. कोड पुसला, तो दोन महिन्यांत परत आलेला नाही. पॅनल जुनेच आहे. नवे बसवले असते तर त्याचे कोडिंग करावे लागले असते, आणि तेही त्याच सडक्या बोल्टवर चालले असते.

सगळे मेकॅनिक असेच, असे मला म्हणायचे नाही. हवेचे पडदे हलवणाऱ्या छोट्या मोटरी बऱ्याच गाड्यांत लिन नावाच्या एकाच तारेवर असतात. एक मोटर बिघडली की कधी कधी सगळ्या तारेचा व्होल्टेज खाली ओढला जातो आणि बाकीच्याही बंद पडतात. ओळखीच्या एका मेकॅनिकने एकेक कनेक्टर काढत नेमकी मोटर पकडलेली मी पाहिली आहे. तो बाकीच्या मोटरींना हातही लावत नाही.

माझे म्हणणे एवढेच की, मॉड्यूल बदलायला सांगणाऱ्या गॅरेजने बिलावर तीन गोष्टी लिहून द्याव्यात: कोड कोणत्या मॉड्यूलने नोंदवला, सप्लाय आणि अर्थिंग लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना, किती भरले, आणि कॅनच्या दोन तारांमध्ये किती ओहम आले. हे मोजायला अर्धा तास पुरतो. पुरवणीच्या पुढच्या लेखात एसीच्या त्या नळीबद्दलही दोन ओळी आल्या तर बरे. माझा गालिचा वाळायला चार दिवस लागले.

आपला,
एक निवृत्त केबल जॉइंटर