काका, थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं होतं

प्रिय काका,

तुमचं नाव लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये, उगाच सत्कारबित्कार कशाला म्हणाल. पण पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय कारण तुम्ही जे दिलंत ते माझ्या एकटीच्या कामाचं नाहीये, "पूर्वी खूप वाचायचो, आता होत नाही बुवा" म्हणणारे माझ्या आजूबाजूला इतके आहेत की विचारू नका.

मी त्यातलीच होते. शाळा-कॉलेजात हाताला लागेल ते वाचलं, मग नोकरी लागली, मग फोन आला आणि कादंबरी हा प्रकार हळूहळू सुट्टीत करू, निवांत झाल्यावर करू अशा यादीत जाऊन बसला. वाचनालयाची वर्गणी तेवढी इमानदारीत भरत होते. पुस्तक न्यायचं, उशाशी ठेवायचं, मुदत संपली की तसंच परत. अशाच एका परतीच्या वेळी देवघेवीच्या टेबलापाशी तुम्ही माझ्या मागे उभे होतात आणि माझ्या हातातला तो जाडा ठोकळा बघून विचारलंत, "कुठपर्यंत गेलात?"

आवडलं का असं नाही विचारलंत. कसं आहे असंही नाही. कुठपर्यंत गेलात! मी म्हणलं चाळीसेक पानं झाली असतील. तर तुम्ही म्हणालात, "मग तिथं काय झालं?" आणि मी चक्क सांगायला लागले, की तिथे एकदम लग्नघर येतं, वीस माणसं एका दमात आत येतात, कोण कोणाचं कोण तेच कळेना, दोनदा मागची पानं उलटली आणि मग कंटाळून ठेवून दिलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, अहो तुम्ही तर व्यवस्थित वाचलंय की! आपण जिथे अडकतो ती जागा बरोबर सांगता येणं म्हणजे वाचनच आहे हे मला तोवर कोणी बोललं नव्हतं.

त्यानंतर तुम्ही मला विश्राम बेडेकरांची 'रणांगण' दिलीत. १९३९ ची कादंबरी, एवढीशी. तुमचं म्हणणं साधं होतं, सुटलेली सवय परत लावायची तर बारीक पुस्तक घ्यायचं पण हलकं नाही घ्यायचं. हे वाक्य मी आता सगळ्यांना सांगत फिरते, तुमचं नाव न घेता, सॉरी. लोक उलटं करतात ना, खूप दिवसांनी वाचायला बसायचं तर काहीतरी टाइमपास घेऊ म्हणतात, तो टाइमपास फोनवर जास्त चांगला होतो त्यामुळे पुस्तक तिथेच हरतं. 'रणांगण' मध्ये एक बोट आहे, युरोपातून निघालेली, तिच्यावर घरदार सुटलेले ज्यू आहेत, चक्रधर हा मराठी तरुण आहे, हॅर्टा ही ज्यू तरुणी आहे, आणि महायुद्ध अजून सुरू व्हायचंय. बस. जागा बदलत नाही, माणसं मोजकी, आणि बोट पुढेपुढे चाललीये म्हणजे हे सगळं कधीतरी किनाऱ्याला लागून संपणार हे आपल्याला पहिल्यापासून माहिती असतं, त्यामुळे मधेच ठेवून देताच येत नाही. मी एका रविवारी संपवली आणि संध्याकाळी कोणाशी बोलावंसं वाटेना. तुम्हाला नंतर भेटले तेव्हा तुम्ही परत तेच, "कुठं थांबलीस?" (तोवर अहोजाहो गेलं होतं.) मी म्हणलं कुठेच नाही. तर म्हणालात, मग परत वाच, कुठेच न थांबता वाचलंयस म्हणजे नुसती पळालीयस!

तेव्हा राग आला होता थोडा. पण परत वाचली. आणि थांबले, बऱ्याच ठिकाणी.

तुमच्या स्वतःच्या प्रतींबद्दल लिहायलाच पाहिजे. तुमच्या पुस्तकांची शेवटची कोरी पानं. वाचनालयाच्या पुस्तकात तुम्ही रेघ मारू देत नाही, त्यात चिठ्ठी, पण घरच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने पृष्ठक्रमांक आणि पुढे दोनतीन शब्द. 'हे मोठ्याने.' 'इथे लेखक घाई करतो.' 'पटत नाही.' एका ठिकाणी नुसतं 'अरे!' आणि त्याच्या खाली वेगळ्या, जरा थरथरत्या अक्षरात त्याच पानाचा नंबर परत आणि पुढे 'आता पटतं.' मधे किती वर्षं गेली असतील कोण जाणे. मला कुठल्याही समीक्षेपेक्षा ते पान जास्त आवडतं. तुम्ही पहिल्यांदा मला ते पुस्तक दिलंत तेव्हा बजावलं होतंत की शेवटचं पान आधी बघायचं नाही, आधी तुझ्या जागा काढ, मग माझ्या बघ. आपल्या जागा क्वचितच जुळतात. जुळल्या की मात्र जाम भारी वाटतं.

हळू वाचण्याबद्दल मला फार न्यूनगंड होता, सगळे वर्षाला इतकी पुस्तकं तितकी पुस्तकं असे आकडे टाकतात आणि मी आपली एकाच कादंबरीवर महिनाभर. त्यावर तुम्ही हरिभाऊ आपट्यांचं उदाहरण दिलंत, त्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी आधी त्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली, १८९० ला ते साप्ताहिक सुरू झालं आणि कादंबरी पुस्तक म्हणून आली १८९३ ला. म्हणजे पहिल्या वाचकांनी यमूची, म्हणजे त्या कादंबरीच्या नायिकेची, गोष्ट हप्त्याहप्त्याने, पुढचा अंक येईपर्यंत थांबून वाचली. एका बैठकीत संपवायची सोयच नव्हती. तुम्ही म्हणालात तूही तसंच वाच, रोज एक प्रकरण, जास्त नाही. मनात आलं तरी जास्त नाही! आणि खरंच, यमू दिवसभर डोक्यात राहायची, ऑफिसात फाईल उघडली की मधेच आठवायची. झरझर वाचून संपवली असती तर नसती राहिली.

मोठ्याने वाचायचं तर मला हसूच आलं होतं. आनंद यादवांची 'गोतावळा' हातात होती, १९७१ ची, अख्खी कादंबरी नारबाच्या तोंडून, त्याच्याच बोलीत. डोळ्यांनी वाचताना मी अडखळत होते, प्रत्येक ओळीला शब्द लावत बसत होते. तुम्ही म्हणालात दार लाव आणि बोलून बघ. पहिलं पान बोलताना अगदी येड्यासारखं वाटलं, तिसऱ्या चौथ्या पानाला जीभ वळली आणि मग शब्द लावायची गरजच उरली नाही, माणूस समोर बसून सांगतोय आणि आपण ऐकतोय असं झालं. शेतात ट्रॅक्टर येतो आणि नारबाची सगळी जनावरं, त्याचा गोतावळा, नकोसा होत जातो, ते मी मोठ्याने वाचू शकले नाही. आवाज लागेना. त्या जागेचा नंबर माझ्या चिठ्ठीवर आहे, तुमच्याही पानावर आहे. उद्धव शेळक्यांची 'धग' नंतर अशीच वाचली, त्यातलं वऱ्हाडी बोलणं कानाने घेतलं तर तिची नायिका कौतिक वेगळीच उभी राहते. बोलीभाषेला घाबरून चांगल्या कादंबऱ्या बाजूला ठेवणाऱ्यांनी हे एकदा करून बघा, हवं तर ऑडिओबुक लावा, पण स्वतःच्या तोंडाने वाचण्याची मजा वेगळी. ऑडिओबुक म्हणजे वाचन का हा वाद मी इथे काढत नाहीये, आपल्या ग्रुपात तो एकदा निघाला होता आणि दोघेजण बरेच दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

ग्रुप ही पण तुमचीच कृपा. टेबलापाशी उभ्याउभ्या बोलणारे चारपाच जण, मग वाचनालयाच्या मागच्या खोलीत खुर्च्या ओढून बसायला लागले, आणि तुमचा एकच नियम, की गोष्ट सांगायची नाही. गोष्ट ज्याची त्याने वाचायची. आपण कुठे थांबलो, कुठे कंटाळलो, कुठे मान्य नाही, तेवढंच बोलायचं. याचा एक फायदा असा की पुस्तक न वाचलेला माणूस पण बसू शकतो आणि उठताना त्याला ते वाचावंसं वाटतं. एकजण शेवटचं प्रकरण आधी वाचतो आणि त्याला त्याची अजिबात लाज नाही. एकजण फक्त मोबाईलवर वाचते, रात्री दिवे बंद करून. एकाला प्रस्तावना वाचल्याशिवाय पुढे जाववत नाही. तुम्ही हे सगळं चालवून घेता, फक्त पानाचा कोपरा दुमडलेला दिसला की तुमचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि पुस्तकांच्या जोड्या लावून वाचायची तुमची ती खोड! शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' सगळ्यांचीच वाचलेली असते, निदान तसं सगळे म्हणतात. कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्णसुद्धा. तुम्ही ती संपल्या संपल्या इरावती कर्व्यांचं 'युगान्त' हातात ठेवलंत, ती कादंबरी नाही, महाभारतावरच्या लेखांचं पुस्तक आहे, पण त्यात कर्णावर 'मी कोण?' हा लेख आहे आणि इरावतीबाई कर्णाला अजिबात मोठा करून दाखवत नाहीत, स्वच्छ नजरेने त्याच्या चुका काढतात. दोन्ही पुस्तकं १९६७ चीच. एकाच वर्षी मराठीत कर्ण एवढा उंच चढला आणि त्याच वर्षी त्याला खाली उतरवून नीट तपासलं पण गेलं. त्या दिवशी मागच्या खोलीत जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही, मी 'युगान्त' च्या बाजूने आहे, आणि तरीही 'मृत्युंजय' मधला शोण, कर्णाचा धाकटा भाऊ, आला की माझ्या घशात काहीतरी होतं. दोन्ही एकदम खरं असू शकतं म्हणालात, बरं वाटलं.

भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला' वर मात्र आपलं जमणार नाही काका. १९६३ ला आली तेव्हा तुम्ही तरुण होतात, तिचा नायक पांडुरंग सांगवीकर तुमच्याच वयाचा, तुमचं सगळं आयुष्य, त्याच्याच भाषेत वगैरे उदाहरणार्थ, तिने हलवून टाकलं, हे मी समजू शकते. मला त्याची चिडचिड होते. मणीच्या, त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मृत्यूची पानं सोडून, ती पानं कोणालाही सोडत नाहीत. बाकी ठिकाणी मला सारखं वाटतं की अरे ऊठ, काहीतरी कर! तुम्ही यावर एकदाही "तुला कळली नाही" असं म्हणाला नाहीत. हे मोठं आहे हो. मी इतक्या जाणकार लोकांना भेटलेय जे दोन वाक्यांत समोरच्याला गप्प करतात, आणि तो माणूस पुन्हा त्यांच्यासमोर पुस्तकाचं नाव काढत नाही.

अर्धवट सोडायची परवानगी पण तुम्हीच दिलीत. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम, १९३१ चे, तुम्ही त्यातला चौथा फेकून मारलात, वाचकाचा वेळ वाचवा! तो नियम ग्रंथपालांसाठी आहे हे मला नंतर कळलं. असो. सोडलेल्या पुस्तकात चिठ्ठी ठेवून द्यायची, कुठे सोडलं आणि का, दोन शब्द. मागच्या वर्षी अशा एका चिठ्ठीमुळेच मी 'तुंबाडचे खोत' परत घेतली. श्री. ना. पेंडशांची, १९८७ ची, दोन जाडजूड खंड, खोतांच्या पिढ्याच्या पिढ्या, आणि माझा जुना आजार तोच, कोण कोणाचं कोण. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं 'माणसं फार'. या वेळी तुमच्या सांगण्यावरून कोरा कागद घेऊन बसले आणि नवं माणूस आलं की त्याला रेघ मारून त्याच्या बापाला जोडत गेले. पहिला खंड संपेपर्यंत कागदाला दुसरा कागद चिकटवावा लागला, पण एकदाही मागे उलटावं लागलं नाही, आणि ज्या दिवशी त्या कागदाकडे न बघता वाचतेय हे लक्षात आलं त्या दिवशी मी तुम्हाला रात्री अकराला फोन केला होता, झोपमोडीबद्दल तेव्हाही सॉरी म्हणले नव्हते, आताही म्हणत नाही.

आता लोक मला विचारतात काय वाचू. पूर्वी मी माझ्या आवडीची पाच नावं फेकली असती. आता विचारते की शेवटचं कुठलं पुस्तक जागत वाचलं होतंत आणि कुठलं सोडलंत, कुठे सोडलंत. सोडलेल्याबद्दल माणसं जास्त खरं बोलतात, आणि त्यावरून पुढचं पुस्तक सुचतं. ऑफिसातल्या एका मुलाने सांगितलं की त्याला वर्णनं आली की झोप येते, त्याला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दिली. त्यात माळ आहे, मेंढरं आहेत, पोरं मेंढरांमागे म्हणून ओस पडलेली शाळा आहे, कोवळा मास्तर आहे, आणि फालतू शब्द एक नाही. चार दिवसांनी आला तो माझ्या टेबलाशी, म्हणाला ताई संपली, आता? मी म्हणलं आधी सांग कुठे थांबलास.

तर काका, मनापासून थँक्यू. त्या दिवशी रांगेत मागे उभं राहून नको तिथे नाक खुपसल्याबद्दल, पुस्तकं विश्वासाने दिल्याबद्दल, माझी मतं कच्ची असताना ती ऐकून घेतल्याबद्दल.

तुमची,
मुदत उलटून गेल्यावर पुस्तक परत करणारी

ता. क. तुंबाडचा दुसरा खंड तुमचा माझ्याकडेच आहे, शनिवारी आणते. शेवटच्या पानावर तुमच्या आकड्यांच्या खाली माझेही आकडे टाकलेत, पेन्सिलीनेच, खोडता येतील. एका ठिकाणी तुम्ही 'पटत नाही' लिहिलंय तिथे मी 'का?' लिहिलंय, त्याचं उत्तर तयार ठेवा.