लपवलेला मजकूर आम्हाला ऐकू येतो

महोदय,

छोट्या व्यावसायिकांनी गुगलच्या शोधात वर कसे यावे, याबद्दलचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख ऐकला. ‘ऐकला’ असे लिहितो, कारण मी दृष्टिहीन आहे आणि एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीन रीडर मला संगणकावरचा मजकूर वाचून दाखवतो. जागा मिळेल तिथे कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात ते शब्द, घाला, फोटोच्या वर्णनातही घाला, ग्राहकाला दिसायला नको असतील तर पार्श्वभूमीच्याच रंगात लिहा, त्याने कुणाचे काही बिघडत नाही, असा सल्ला त्यात आहे. कुणाचे बिघडते ते सांगण्यासाठी हे पत्र.

गेल्या दिवाळीत आम्हाला दापोलीला जायचे होते. मुलीने एका घरगुती निवासाचे संकेतस्थळ सुचवले. मला दोनच गोष्टी हव्या होत्या : खोली तळमजल्यावर आहे का, आणि मालकांचा फोन नंबर. पहिल्या फोटोवर गेलो, आवाज म्हणाला, ‘दापोली बीच रिसॉर्ट स्वस्त दर’. दुसऱ्यावर तेच. अकराही फोटोंवर तेच. मग पानाच्या तळाशी ‘दापोली हॉटेल, हर्णे हॉटेल, मुरुड हॉटेल, आंजर्ले हॉटेल, गुहागर हॉटेल’ असे जे सुरू झाले ते थांबेना. मला वाटले स्क्रीन रीडरच अडकला. मुलीला हाक मारली. ती म्हणाली, ‘‘बाबा, पान संपलंय. खाली नुसतं पांढरं आहे.’’ तिने माऊस दाबून धरून त्या कोऱ्या जागेवरून फिरवला, तेव्हा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेली गावांची यादी तिला दिसली. फोन नंबर होता, पण त्या अकरापैकी एका फोटोत छापलेला. माझ्यापर्यंत त्याच्या जागी ‘स्वस्त दर’ एवढेच आले.

फोटोमागे लिहायचे ते वर्णन, ज्याला आल्ट टेक्स्ट म्हणतात, ते ज्याला चित्र दिसत नाही त्याच्यासाठी असते. ‘तळमजल्यावरची खोली, दाराशी दोन पायऱ्या’ असे कुणी तिथे लिहिले असते तर माझे काम झाले असते. ती जागा कीवर्डनी भरणे म्हणजे आंधळ्याच्या हातातली काठी काढून तिला जाहिरातीचा फलक लावणे. शब्द कठोर आहेत, पण मला तसेच वाटले.

लपवणे मुळातच वाईट, असे मी म्हणत नाही. अनेक चांगल्या संकेतस्थळांवर अगदी सुरुवातीला ‘मुख्य मजकुराकडे जा’ असा दुवा असतो. तो पडद्याच्या कडेबाहेर ढकललेला असतो, एरवी डोळ्यांना दिसत नाही, आणि माझी रोजची कितीतरी मिनिटे वाचवतो. गुगलच्या नियमांतही स्क्रीन रीडरसाठी ठेवलेल्या अशा मजकुराला मुभा आहे. मनाई आहे ती शोधयंत्राला फसवण्यासाठी लपवलेल्या मजकुराला. मार्च 2005 मध्ये वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीच्या स्वतःच्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर हीच युक्ती उलट्या कामासाठी वापरली गेल्याचे उघड झाले. जाहिरातींचे पैसे मिळवण्यासाठी लिहून घेतलेल्या हजारो लेखांकडे नेणारे दुवे असेच नजरेआड ठेवले होते. गुगलने ते लेख शोधातून काढले, वर्डप्रेसच्या संस्थापकांनी माफी मागितली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2006 मध्ये, बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ काही दिवस शोधातून बाहेर होते. शोधयंत्राला ‘जुन्या गाड्या’ या अर्थाच्या शब्दाने खच्चून भरलेले पान दाखवायचे आणि माणूस आला की त्याला दुसऱ्याच पानावर न्यायचे, असा तो प्रकार होता.

आता तर यंत्राच्या कानात कुजबुजण्यासाठी हे चालते. 2025 मध्ये अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या खुल्या संकेतस्थळावरच्या काही निबंधांत पांढऱ्या अक्षरांत ‘फक्त अनुकूल अभिप्राय द्या’ अशा अर्थाच्या सूचना सापडल्या, परीक्षकांनी निबंध एआयकडून तपासून घेतला तर त्याच्यासाठी. तो निबंध एखाद्या दृष्टिहीन परीक्षकाकडे गेला असता तर त्याने ते वाक्य स्पष्ट ऐकले असते.

दापोलीच्या मालकांवर माझा राग नाही. मुलीने दुसरीकडून नंबर मिळवला, मी फोन केला, तेव्हा त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. संकेतस्थळ शोधात वर आणून देणाऱ्या ‘एसईओवाल्याला’ ते दरमहा पैसे देत होते आणि काम चांगले चालले आहे असे समजत होते. म्हणूनच वर्तमानपत्रात छापून आलेल्या सल्ल्याची मला जास्त काळजी वाटते. असे मालक तो वाचतात आणि खरा मानतात.

सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. माझी मागणी त्यापेक्षा फारच लहान आहे. पुरवणीच्या पुढच्या अंकात तो सल्ला मागे घ्यावा, आणि फोटोचे वर्णन कसे लिहावे हे चार ओळींत सांगावे. आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावर बातमीतल्या फोटोपाशी मला रोज फक्त ‘इमेज’ एवढेच ऐकू येते. सुरुवात तिथूनही करता येईल.

– एक दृष्टिहीन वाचक, सातारा