पत्राच्या पहिल्या ओळीसाठी

प्रिय मॅडम,

गेल्या आठवड्यात काउंटरवर एक आजी आल्या. हातात आमचंच पत्र, घड्या घालून घालून मऊ पडलेलं. मुलगा तुरुंगात आहे म्हणाल्या. सोबत त्याच्या सहीचा अर्ज होता. "आजच घ्याल ना? यात 'आजच' लिहिलंय."

मला क्षणभर बोलवेना. तुमचे आभार मानायचे राहून गेलेत, ते आज मानते.

अमेरिकेतल्या आमच्या राज्याच्या चाइल्ड सपोर्ट कार्यालयात माझी 11 वर्षं गेली. मुलांच्या पोटगीच्या या कामाचा 66 टक्के खर्च केंद्र सरकार उचलतं, त्यामुळे सल्लागार येणं आम्हाला नवं नाही. तुमच्या आधी आलेल्यांनी वसुलीचे आलेख दाखवले, जाडजूड अहवाल ठेवले आणि गेले. वेटिंग रूममध्ये कुणी पाऊलही टाकलं नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात आणि विचारलंत, "कुठली फाइल उघडताना जीवावर येतं?" मी तुरुंगातल्या वडिलांच्या फायली काढल्या. कमाई बंद, तरी दरमहा रक्कम चढतच राहते. आणि रक्कम कमी करून मागण्याचा अर्ज करण्याआधी साचलेली थकबाकी न्यायालयालाही माफ करता येत नाही. 1986 पासून कायदाच तसा आहे. माणूस सुटतो तेव्हा कागदावर हजारो डॉलर असतात, पोराच्या हाती काहीच आलेलं नसतं, आणि बाप तोंड चुकवू लागतो. मग पैसाही जातो आणि बापही.

2016 च्या नियमाने पालक 180 दिवसांहून जास्त आत राहणार असं कळलं की 15 कामकाजाच्या दिवसांत दोन्ही पालकांना या अर्जाच्या हक्काबद्दल कळवायचं असतं. आम्ही कळवत होतोच. फक्त पत्र कलमांच्या आकड्यांनी सुरू व्हायचं आणि अर्जाचा हक्क तिसऱ्या पानावर असायचा. तुम्ही ते मोठ्याने वाचलंत. मधेच थांबून म्हणालात, "हा माणूस समोर असता तर तुम्ही त्याला काय सांगितलं असतं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी बोलून गेले, "बाबा रे, तू आत असलास तरी हा आकडा थांबत नाही. आजच अर्ज कर."

तुम्ही पेन्सिलीने वरचा अख्खा परिच्छेद खोडलात आणि माझंच बोलणं तिथे लिहिलंत. 'बाबा रे' तेवढं काढलंत, तेही मला विचारून. नंतर वरिष्ठांनी ती ओळ 'कार्यालयीन भाषेत' करायला सांगितली, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "ही ओळ रोज त्या लोकांशी बोलणाऱ्या बाईची आहे. ती तशीच राहील."

तुमच्याइतका अनुभव असलेल्या माणसाला आमच्यासारख्यांचं ऐकण्याची काही गरज नसते. तुम्ही ऐकलंत. समोरच्याला माणूस समजून वागणारी माणसं सरकारी कामात भेटली की पुढची कित्येक वर्षं काम करायचं बळ येतं, हे मी अनुभवाने सांगते.

आजींचा अर्ज मी लगेच घेतला. त्यांच्यासमोरच तारखेचा शिक्का मारला आणि एक प्रत त्यांच्या हातात दिली. शिक्क्यावरची तारीख त्यांनी दोनदा वाचून घेतली.

तुमची,
काउंटरजवळच्या टेबलावरची केसवर्कर