छकुलीच्या वाढदिवसाचं खरं काय ते

न्यूर्नबर्ग, जर्मनी,
मंगळवार, रात्री

ती. आई व बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघंही मजेत आहोत. छकुलीला काहीही झालेलं नाही, नीट जेवतेय, हे आधी वाचा आणि मग पुढे जा. फोनवर सांगायला गेलो असतो तर आईने पहिल्या वाक्यालाच डोळ्याला पदर लावला असता, म्हणून लिहितोय. बाबा, मोठ्याने वाचून दाखवा, पण सावकाश.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, बाकीची मुलं कुठायत? मी म्हणालो, आतल्या खोलीत खेळतायत. आत कोणी नव्हतं. फोन मी मुद्दामच केकवरून हलवत नव्हतो.

सहावा वाढदिवस म्हणून सहा मुलं बोलावली होती. इथे वय जितकं तितके पाहुणे, असा हिशोब असतो. नदीकाठच्या वोर्डर वीजेच्या हिरवळीवर करायचं ठरलं होतं, पण सकाळपासून पाऊस. म्हटलं, घरी करू. तर नऊ वाजल्यापासून एकेक मेसेज यायला लागला. बालवाडीत उलट्यांची साथ. अकरापर्यंत पाच जण गळाले, उरला एक मुलगा. सहा जणांच्या पुऱ्या आम्ही अजून खातोय.

आई, आता तुझ्या बाराच्या फोनबद्दल. शनिवारी तू तिकडे रात्री बाराच्या ठोक्याला फोन केलास तेव्हा इथे शनिवारचेच साडेआठ वाजले होते. खालच्या मजल्यावरच्या आजी केकचा साचा द्यायला आल्या होत्या. तू स्पीकरवर 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' म्हणालीस आणि त्यांनी चक्क तोंडावर हात ठेवला. इथे आदल्या दिवशी शुभेच्छा देणं अशुभ मानतात. म्हणजे भेट आणून ठेवा, घर सजवा, पण तोंडाने काही म्हणायचं नाही. आदल्या रात्री पार्टी असली तरी सगळे ग्लास धरून बारा वाजायची वाट बघतात. उशिरा दिल्या तर चालतं, आठवड्याने दिल्या तरी हसून घेतात. लवकर मात्र नाही. ऑफिसातले शिकलेसवरलेले इंजिनिअरसुद्धा पाळतात. मी एकदा एकाला शुक्रवारी म्हणालो, शनिवार-रविवारी भेट नाही म्हणून, तर तो नुसता बघत राहिला.

रविवारी आजी वर आल्या, रिकाम्या खुर्च्या बघितल्या आणि 'मी म्हटलं नव्हतं का' असा चेहरा केला. तुमचं दोघींचं छान जमेल. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली तेव्हा त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही. शेगडीला ज्योत नाही, म्हणून मोहऱ्या तव्यावर टाकल्या. तडतडल्या व्यवस्थित.

आणि नाही, छकुली इथे एकटी पडत नाही. ते तू दर वेळी म्हणतेस. डोळे बांधून लाकडी चमच्याने पातेलं शोधायचा खेळ दोघंच आलटून पालटून खेळले, खाली ठेवलेली सगळी चॉकलेटं दोघांनाच मिळाली. औक्षणाला तू दिलेली अंगठी होती. रात्री झोपताना फक्त एवढं विचारलं, आजीकडे वाढदिवस केला तर सगळे येतात ना? मी हो म्हणालो.

चिमीच्या लग्नाचं. हॉलच्या ॲडव्हान्सचे दोन लाख उद्या पाठवतो, बाबा, एफडी मोडू नका. पण मुहूर्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला आहे आणि सप्टेंबरपासून छकुली पहिलीत जातेय. इथे सुट्टी सोडून मुलाला परस्पर शाळेतून नेता येत नाही, दंड होतो. नाताळची सुट्टी त्यानंतर लागते. अर्ज करून बघणार आहे. नाहीच मिळाली तर मी एकटा येईन, आठ दिवस. सूनबाईंनी शालू घेऊन ठेवलाय, तो कपाटातच राहील बहुतेक. चिमीला तुम्ही सांगू नका, मी सांगतो. या रविवारी नक्की सांगतो.

तुमचा,
बंडू

ता. क. आई, पुढच्या वर्षी फोन पहाटे साडेतीननंतर कर. तेव्हा इथे बारा वाजतात. नाहीतरी तुला चारला जाग येतेच.